वसुली आणि सुटका : द्यूतव्यसनाच्या साहित्यिक चित्रणातील मुक्तीची कल्पना

प्रास्ताविक

व्यसनाधीन माणसाचे चित्रण मराठी वाचकाला नवे नाही. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ने सुधाकराच्या रूपाने व्यसनी माणसाची जी प्रतिमा मराठी मनावर कोरली, ती शंभर वर्षांनंतरही पुसट झालेली नाही. सुधाकर शपथ घेतो, शपथ मोडतो आणि अखेरीस घरादारासह नष्ट होतो. व्यसनाची कथा म्हणजे विनाशाची कथा, हे समीकरण या नाटकाने इतके पक्के केले की व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाचे चित्रण कसे करावे, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलाच नाही. दारूविषयी निदान पुढे काही लिहिले गेले. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थेमुळे व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही दृष्टी मराठी वाचकापर्यंत पोहोचली. जुगाराच्या बाबतीत मात्र आजही ‘नाद’, ‘खोड’, ‘वाईट सवय’ असेच शब्द वापरले जातात. जुगाऱ्याच्या अंगाला वास येत नाही, त्याची जीभ अडखळत नाही. त्याचे व्यसन घरच्यांना समजते ते बहुधा सावकार दारात आल्यावरच.

वैद्यकशास्त्रालाही या व्यसनाची ओळख उशिराच पटली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे ‘डीएसएम’मध्ये, विकृत जुगाराची नोंद प्रथम १९८० साली तिसऱ्या आवृत्तीत झाली, आणि तीही आवेग आवरता न येण्याच्या विकारांमध्ये. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती तेथून हलवून दारू व मादक द्रव्ये यांच्या व्यसनांशेजारी ठेवण्यात आली. कोणताही पदार्थ शरीरात न जाता माणूस व्यसनी होऊ शकतो, ही मान्यता त्या स्थलांतरात आहे. याच पुस्तिकेत निदानाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांतील एक लक्षण साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा डावावर बसतो. आपल्याकडे मटक्याच्या अड्ड्यावर यालाच ‘वसुली’ काढणे म्हणतात.

प्रस्तुत लेखात याच शब्दाच्या आधाराने काही अभिजात कृतींचा विचार केला आहे. जुगाऱ्याच्या पुनरुत्थानाची कथा सांगताना लेखक त्याला काय परत देतो? हरलेले धन, राज्य आणि प्रतिष्ठा, की हे सर्व परत मिळवण्याच्या इच्छेतून सुटका? पहिल्या प्रकाराला येथे ‘वसुली’ आणि दुसऱ्याला ‘सुटका’ असे म्हटले आहे. वाचकाला दोन्ही कथा सारख्याच सुखान्त वाटतात. त्या तशा नाहीत.

अक्षसूक्त : आवाजाची ओढ

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त ‘अक्षसूक्त’ या नावाने प्रसिद्ध आहे. अवघ्या चौदा ऋचांच्या या सूक्तात जुगाऱ्याच्या मनाची जी उलघाल आली आहे, ती वाचताना हे सूक्त इतके प्राचीन असावे यावर विश्वास बसत नाही. यातील फासे म्हणजे बेहड्याची फळे. वाऱ्यावर वाढलेल्या झाडाची ही फळे पटावर घरंगळताना पाहून जुगारी हर्षित होतो. सासू द्वेष करते, पत्नी दूर लोटते, आईबाप आणि भाऊ ‘हा कोण आम्हाला ठाऊक नाही, याला बांधून न्या’ अशा आशयाचे बोलतात. म्हाताऱ्या घोड्याला जशी किंमत नसते, तशी आपल्याला उरलेली नाही, हे तो स्वतःच सांगतो.

सूक्ताचे मर्म या दुःखाच्या यादीत नाही. ते निश्चय मोडण्याच्या क्षणात आहे. आता यांच्याबरोबर जाणार नाही, असे जुगारी ठरवतो. मित्र पुढे निघून जातात, तो मागे राहतो. तेवढ्यात फासे पटावर पडल्याचा आवाज येतो, आणि संकेतस्थळी जाणाऱ्या स्त्रीप्रमाणे तो त्या आवाजाकडे ओढला जातो. कवीने येथे लोभाचा उल्लेख केलेला नाही, किती धन मिळेल याचा हिशेबही केलेला नाही. आवाज आला आणि माणूस गेला, एवढेच. आधुनिक मानसशास्त्र ज्याला संकेताने जागी होणारी ओढ म्हणते, ती या ऋचेत पूर्णपणे उतरली आहे.

सूक्ताच्या शेवटाकडे सविता देवाचा उपदेश येतो : फासे खेळू नकोस, शेती कर, तेथे तुझ्या गाई आहेत, तेथे तुझी पत्नी आहे. अनेक विवेचनांत सूक्त येथेच संपल्यासारखे सांगितले जाते आणि त्याला उपदेशपर काव्य म्हणून गुण दिले जातात. परंतु यानंतर आणखी एक ऋचा आहे. तीत जुगारी फाशांनाच विनवतो की आमच्याशी सख्य करा, आमच्यावर मोहिनी घालू नका, आणि तुमच्या बंधनात आता दुसरा कोणीतरी पडो. या शेवटच्या विनवणीकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. देवाने मार्ग दाखवल्यानंतरही जुगाऱ्याला फाशांशी बोलावेसे वाटते. तो त्यांच्याशी वैर धरत नाही, मैत्रीच मागतो. आपल्या सुटकेसाठी दुसऱ्याचा बळीही तो देऊ पाहतो. येथे ओढ संपलेली नाही, हे सूक्तकाराला माहीत आहे. म्हणूनच हे सूक्त उपदेशपर काव्यांच्या रांगेत बसत नाही.

या सूक्ताच्या द्रष्ट्याविषयीची परंपराही विचारात घ्यावी लागते. अनुक्रमणीत या सूक्ताच्या ऋषींची नावे विकल्पाने येतात, त्यांतील एक नाव कवष ऐलूष. ऐतरेय ब्राह्मणात या कवषाची एक कथा आहे. सरस्वतीच्या काठी सत्र करणाऱ्या ऋषींनी त्याला दासीपुत्र, जुगारी आणि अब्राह्मण ठरवून सोमयागातून हाकलले आणि सरस्वतीचे पाणीही मिळू नये म्हणून निर्जल प्रदेशात नेऊन सोडले. तेथे तहानेने व्याकूळ झालेल्या कवषाला जलदेवतांचे सूक्त दिसले, आणि सरस्वती त्याच्याभोवती वाहू लागली. मग ऋषींनीच त्याला परत बोलावले. जन्माची आणि जुगाराची निंदा येथे एकाच दमात झालेली आहे, आणि कथेचा पहिला रोख अर्थातच जन्मावर आहे. तरीही एक गोष्ट लक्षणीय ठरते. कवषाने जुगार सोडल्याचे कथा सांगत नाही. समाजाने त्याला परत घेतल्याचे ती सांगते. व्यसनमुक्तीच्या चर्चेत या दुसऱ्या घटनेला आपण नेहमीच कमी जागा देतो.

नलोपाख्यान : अक्षहृदयाची भुरळ

महाभारतातील द्यूत म्हटले की सभापर्व आठवते. द्रौपदीच्या अपमानामुळे त्या प्रसंगाचे जुगार म्हणून असलेले स्वरूप झाकले जाते. धृतराष्ट्राने सर्व परत दिल्यानंतर युधिष्ठिर पुन्हा बोलावणे येताच परततो आणि अनुद्यूत खेळतो, ही बाब आज्ञापालनाच्या नावाखाली समर्थनीय ठरवली जाते. परिणामांचा अनुभव इतका ताजा असताना वाटेतून मागे फिरणाऱ्या माणसाला आजचा समुपदेशक काय म्हणेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

वनपर्वातील नलोपाख्यान मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण ते स्पष्टपणे जुगारातून बाहेर पडण्याची कथा म्हणून सांगितले गेले आहे. राज्य हरून वनात आलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ती सांगतात. माझ्याइतका दुर्दैवी राजा कोणी झाला आहे का, या त्याच्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. मराठीत नलदमयंतीची कथा घरोघरी गेली ती मुख्यत्वे रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे. त्या आख्यानाच्या नावातच स्वयंवर आहे. हंस, प्रणय आणि देवांची फजिती यांनी मोहून गेलेल्या मराठी रसिकतेला फाशांपर्यंत जाण्याची घाई कधी नव्हती. अभ्यासक्रमातही नलाची कथा दमयंतीच्या पातिव्रत्याची कथा म्हणूनच येते.

मूळ कथेत नलाच्या शरीरात कली शिरतो, कारण लघुशंकेनंतर पाय न धुता त्याने संध्या केली. त्यानंतर भाऊ पुष्कराबरोबर तो महिनोन् महिने खेळत राहतो. प्रजा दारात येऊन उभी राहते, दमयंती बोलावते, पण तो ऐकत नाही. पुढे सर्व हरल्यावर पुष्कर हसून म्हणतो की आता पणाला लावायला दमयंतीच उरली आहे. या क्षणी नल काहीही बोलत नाही. अंगावरचे अलंकार उतरवतो आणि एका वस्त्रानिशी निघून जातो. व्यसनाच्या तळाशी असतानाही एक रेघ त्याने ओलांडलेली नाही. युधिष्ठिराच्या तुलनेत नल येथे उजवा ठरतो, आणि बृहदश्वांच्या कथनात ही तुलना अनुक्तपणे आहेच.

पुढे नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. विदर्भाकडे जाताना ऋतुपर्ण वाटेतील बेहड्याच्या झाडाची पाने-फळे क्षणात मोजून दाखवतो. नल रथ थांबवून स्वतः मोजतो आणि संख्या बरोबर निघते. अश्वहृदयाच्या मोबदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे गुह्य ज्ञान, देतो. ते मिळताच कली नलाच्या शरीरातून कर्कोटकाचे विष ओकत बाहेर पडतो आणि त्याच बेहड्याच्या झाडात शिरतो. ज्या झाडाची फळे फासे होतात, त्याच झाडात व्यसनाचा देव जाऊन बसतो, ही कल्पना अप्रतिम आहे. पण तिच्यामागील विचार तपासून घ्यायला हवा. येथे जुगाराचे विष उतरते ते जुगाराचे ज्ञान मिळाल्याने. गणित कळले की मोह सुटतो, असे कथा सुचवते.

यानंतरचा प्रसंग तर समीक्षकाला अस्वस्थ करणारा आहे. नल निषध देशात परततो आणि पुष्कराला पुन्हा डावाचे आव्हान देतो. पण म्हणून त्याने लावलेल्या गोष्टींत मिळवलेल्या धनाबरोबर दमयंतीही आहे. कली अंगात असताना ज्या नलाने दमयंतीला पणाला लावले नाही, तोच ‘मुक्त’ नल तिला पणाला लावतो. एका डावात तो सर्व जिंकतो, पुष्कराला क्षमा करतो आणि कथा सुखाने संपते. श्रोत्याला हायसे वाटते, कारण आता नलाला फासे कळतात. हा नेमका तोच विश्वास आहे ज्याने मूळ विनाश झाला होता. फरक एवढाच की या वेळी कथेने त्याला खरा ठरवले आहे. बृहदश्व जाण्यापूर्वी युधिष्ठिरालाही अक्षहृदय देतात, कारण त्याला पुन्हा कोणी खेळायला बोलावील याची भीती आहे. विराटाच्या सभेत तो कंक नावाने राजाबरोबर फासे खेळणारा म्हणूनच राहतो. महाभारताने जुगाऱ्याला जुगार सोडायला शिकवलेले नाही, जिंकायला शिकवले आहे.

ही चर्चा केवळ प्राचीन वाङ्मयापुरती नाही. डाव नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद भारतीय न्यायालयांत दीर्घकाळ चालला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या निकालात म्हटले, आणि भ्रमणध्वनीवर पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या कंपन्यांनी पुढे याच भूमिकेचा आधार घेतला. आपल्याला खेळ कळतो, आपण नशिबावर विसंबून नाही, असे सांगणारा तरुण हा अक्षहृदय मिळाल्याची खात्री असलेला नलच असतो. त्याला समजावण्यासाठी नलाचीच कथा सांगणाऱ्या प्राध्यापकाने तिचा शेवट आधी नीट वाचावा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी आणताना खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा भेदच बाजूला ठेवला. जो प्रश्न महाभारताने कौशल्याच्या बाजूने सोडवला होता, तो विधिमंडळाने अप्रस्तुत ठरवला, असे याचे वर्णन करता येईल.

दोस्तोव्हस्की : कादंबरी आणि कादंबरीकार

फ्योदर दोस्तोव्हस्कीची ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी १८६६ च्या ऑक्टोबरमध्ये सव्वीस दिवसांत लिहून झाली. प्रकाशक स्टेलोव्हस्कीशी झालेल्या जाचक कराराची मुदत १ नोव्हेंबरला संपत होती, म्हणून लेखकाने आन्ना ग्रिगोर्येव्हना स्नित्किना या लघुलेखिकेला ती सांगितली. कर्जापायी केलेला करार, कर्जाला हातभार लावणारे रूलेट आणि रूलेटवरची कादंबरी, असे हे वर्तुळ आहे. पुढच्याच वर्षी आन्नाशी त्याचा विवाह झाला.

रूलेटनबुर्ग या काल्पनिक जर्मन गावात घडणाऱ्या या कथेचा निवेदक अलेक्सेई इव्हानोविच हा एका जनरलच्या घरचा शिक्षक. पोलिनावरील प्रेमापोटी तो खेळायला बसतो, भरघोस जिंकतो, आणि जिंकल्यानंतर दुसऱ्याच सकाळी पोलिना त्याच्या आयुष्यातून निघून जाते. येथे दोस्तोव्हस्कीने जुगाराच्या मानसशास्त्रातील एक अवघड सत्य पकडले आहे. निवेदकाचा नाश हरण्याने होत नाही, जिंकण्याने होतो. मिळालेला पैसा तो पॅरिसमध्ये निर्विकारपणे उधळू देतो, कारण त्याला पैसा कधी हवाच नव्हता.

कादंबरीतील वृद्ध आजीकडे समीक्षेने अधिक गांभीर्याने पाहायला हवे. तिच्या मृत्यूच्या तारेची वाट पाहत असलेल्या नातेवाइकांसमोर ती खुर्चीत बसून अवतरते, शून्यावर पैसे लावून जिंकते आणि दुसऱ्या दिवसापासून सर्व हरते. हा प्रसंग विनोदी म्हणून गाजला. पण या कादंबरीत जुगाराच्या मेजापासून उठून खरोखर घरी जाणारी ती एकमेव व्यक्ती आहे. जाताना ती आपला मूर्खपणा कबूल करते, आता तरुणांना दोष देणार नाही असे सांगते, आणि गावातील लाकडी चर्च दगडात बांधण्याचा जुना संकल्प पुरा करायला निघते. परतीच्या प्रवासाचे पैसेही तिला उसने घ्यावे लागतात. हरलेले परत मिळवण्याचा विचार तिने सोडला आहे. तिला जाण्यासारखे घर आहे, आणि तेथे करण्यासारखे काम आहे.

अलेक्सेईपाशी यांपैकी काहीच नाही. कादंबरीच्या शेवटी होम्बुर्गला ॲस्टली भेटतो, पोलिनाचे त्याच्यावर प्रेम होते असे सांगतो, आणि दहा सोन्याची नाणी हातावर ठेवून जातो. त्याहून अधिक देत नाही, कारण अधिक दिले तर तेही पटावर जाईल हे त्याला कळते. निवेदक उद्या सर्व बदलून टाकण्याचे ठरवतो. कसे? एकदा अखेरच्या नाण्यावर आपण कसे जिंकलो होतो, ते आठवून. त्याच्या आशेचे आणि त्याच्या व्यसनाचे शब्द एकच आहेत. आशेलाच रोगाचे लक्षण म्हणून दाखवणारा हा शेवट ‘एकच प्याला’च्या मृत्यूपेक्षा कठोर आहे, असे म्हणावे लागते.

कादंबरीकाराची कथा मात्र वेगळ्या दिशेने गेली. १८६७ मध्ये बाडेन-बाडेनला त्याने पत्नीचे दागिने आणि कपडेही गहाण टाकले. ही परवड आन्नाने आपल्या लघुलिपीतील दैनंदिनीत नोंदवून ठेवली आहे. आन्नाने पतीला दूषणे दिली नाहीत. पुढे आठवणी लिहिताना तिने हा एक आजारच होता असे म्हटले. १८७१ च्या एप्रिलमध्ये, मन रमावे म्हणून, तिनेच त्याला वीसबाडेनला पाठवले. तो सर्व हरला. त्या रात्री रशियन धर्मगुरूच्या शोधात तो अंधारात धावत निघाला आणि जिला चर्च समजला ती वास्तू ज्यूंचे प्रार्थनामंदिर निघाली. पत्नीला त्याने पत्र लिहिले की हा मोह आता कायमचा संपला. अशी पत्रे त्याने पूर्वीही लिहिली होती. हे खरे ठरले. त्यानंतर तो पुन्हा कधी खेळला नाही.

का, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. जर्मनीतील जुगारघरे १८७२ अखेर कायद्याने बंद झाली, त्यामुळे मोह टळला, असे म्हणता येईल. पण मॉन्टे कार्लो उघडेच होते. फ्रॉइडने १९२८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या जुगाराचा संबंध पितृहत्येच्या अपराधभावाशी जोडला. हरणे हीच त्याची शिक्षा होती आणि शिक्षा मिळाल्यावर लेखणी चालू लागे, असा त्याचा अन्वयार्थ आहे. हा अन्वयार्थ जुगार का सुरू झाला हे सुचवतो, तो का थांबला याविषयी मौन पाळतो. मनोविश्लेषणाला कारणांचे जेवढे आकर्षण आहे, तेवढे सुटकेचे नाही, अशी शंका येथे येते. दोस्तोव्हस्कीला हरलेले काहीच परत मिळाले नाही. परतल्यावरही अनेक वर्षे तो आणि आन्ना कर्ज फेडत होते. लॉस एंजेलिसमध्ये १९५७ साली सुरू झालेल्या ‘गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस’ या स्वमदत चळवळीत कर्ज स्वतः, हळूहळू आणि पूर्ण फेडण्यावर जो भर दिला जातो, त्याच्याशी हे संसारचित्र जुळते.

संवाहक : मूर्ती, कंकण आणि ओले वस्त्र

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा परिचय मराठी रसिकाला गोविंद बल्लाळ देवल यांच्या रूपांतरामुळे फार पूर्वीपासून आहे. चारुदत्त-वसंतसेनेच्या प्रेमकथेत संवाहक हे पात्र बाजूला पडते. वर्गात तर दुसऱ्या अंकातील जुगाऱ्यांचा प्रसंग हास्यरसाचे उदाहरण म्हणून पाच मिनिटांत आटोपला जातो. द्यूतव्यसनातून सुटकेचे संस्कृत साहित्यातील सर्वांत विश्वसनीय चित्रण याच पात्रात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

संवाहक मूळचा पाटलिपुत्राचा. अंग रगडण्याची कला शिकून तो उज्जयिनीत चारुदत्ताकडे नोकरीला राहिला. धन्याचे वैभव गेले आणि संवाहक फाशांकडे वळला. नोकरी जाणे आणि जुगार लागणे यांचा हा संबंध शूद्रक एका वाक्यात सांगून पुढे जातो. गिरणगावातील आकड्याची कहाणी ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना त्यावर भाष्य नको. दहा सुवर्ण हरून तो पळतो. सभिक माथुर आणि दुसरा एक जुगारी त्याच्या मागावर आहेत. पावलांचे ठसे चुकवण्यासाठी तो उलटा चालत ओसाड देवळात शिरतो आणि रिकाम्या चौथऱ्यावर मूर्ती होऊन उभा राहतो.

पाठलाग करणारे ही मूर्ती लाकडाची की दगडाची अशी चर्चा करतात, आणि मग तेथेच बसून खेळू लागतात. संवाहक जीव मुठीत धरून उभा आहे. फासे पडतात. आवाज कानी येतो, आणि पकडले गेल्यावर मार मिळणार हे पूर्ण ठाऊक असूनही त्याला राहवत नाही. डाव माझा, असे म्हणत तो पुढे येतो. अक्षसूक्तातील ऋचा येथे रंगमंचावर आली आहे. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की देव झालेला माणूसही या आवाजापुढे दगड राहू शकला नाही.

दर्दुरक माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकतो, संवाहक वसंतसेनेच्या घरात आश्रय घेतो. तो चारुदत्ताचा सेवक होता हे कळताच ती आपले कंकण पाठवून त्याचे कर्ज फेडते. येथे आधुनिक उपचारपद्धती भुवया उंचावेल. जुगाऱ्याचे कर्ज दुसऱ्याने फेडावे, ही अपेक्षा व्यसनाच्या लक्षणांतच गणली जाते, आणि असे कर्ज फेडणारे आईबाप आजार लांबवतात असा अनुभव आहे. मग शूद्रकाने हे कंकण का चालवून घेतले? नाटकात त्याचे उत्तर दोन भागांत मिळते. एक म्हणजे, कंकण संवाहकाच्या हाती पडत नाही, ते परस्पर धनकोकडे जाते. दुसरे म्हणजे, वसंतसेना उपदेश करत नाही आणि अटही घालत नाही. संवाहक मात्र आपल्या कलेने सेवा करण्याची तयारी दाखवतो, ती नाकारली जाते, आणि तेव्हा तो भिक्षू होण्याचा निर्णय सांगतो. सन्मानाने वागवला गेल्यामुळे त्याला लाज वाटू शकली. कुटुंबाने ‘बांधून न्या’ म्हटलेल्या अक्षसूक्तातील जुगाऱ्याला ही संधी मिळाली नव्हती.

(याच नाटकात चारुदत्त वसंतसेनेचे चोरीला गेलेले अलंकार आपण जुगारात हरल्याचा निरोप धाडतो. सद्गृहस्थाला चोरी झाली हे सांगण्यापेक्षा जुगाराचे खोटे सोयीचे वाटते. श्रीमंताचा जुगार आणि अंग रगडणाऱ्याचा जुगार यांतील अंतर शूद्रकाने बहुधा जाणूनबुजून ठेवले असावे.)

आठव्या अंकात भिक्षू झालेला संवाहक जीर्ण उद्यानात वस्त्र धुवायला येतो. शकार त्याला मारतो. पुढे पानांच्या ढिगाखाली त्याला वसंतसेना सापडते, शकाराने गळा दाबून मेली म्हणून टाकलेली. तो आपले ओले वस्त्र पिळून तिच्यावर पाणी शिंपडतो, पदराने वारा घालतो. दहा सुवर्णांना जिने आपल्याला सोडवले, तिचे ऋण फेडायचे राहिले होते, ही जाणीव त्याच्या बोलण्यात आहे. ऋण फिटते ते पाण्याने. त्याच्यापाशी दुसरे काही नाही, आणि लागतही नाही. तिला उठायला आधार देतानाही तो हात पुढे न करता वेल वाकवून देतो. व्रत नुकतेच घेतले आहे आणि ते सांभाळायला हवे, हे तो विसरलेला नाही. आपल्या निश्चयाविषयी फाजील विश्वास न बाळगणारा हा माणूस नलापेक्षा अधिक बरा झालेला आहे.

शेवटच्या अंकात त्याने वाचवलेल्या वसंतसेनेमुळेच चारुदत्त वधस्तंभावरून परत येतो. सर्वांना काही ना काही मिळते. तुला काय हवे, असे विचारल्यावर भिक्षू सांगतो की अशी अनित्यता पाहून प्रव्रज्येविषयीचा आदर दुणावला आहे. हरलेले दहा सुवर्ण, उज्जयिनीतील नोकरी, यांपैकी कशाचाही उल्लेख तो करत नाही. चारुदत्त मात्र गप्प बसत नाही. त्याला पृथ्वीवरील सर्व विहारांचा कुलपती करावे, असे तो सुचवतो. एकेकाळी धनकोला चुकवून ओसाड देवळात लपलेल्या माणसाकडे आता सर्व विहारांचा कारभार येतो. त्या कारभारात देणग्या येणार, कोठार येणार, हिशेबही येणार. शूद्रक संवाहकाला पुन्हा फाशांचा आवाज ऐकवत नाही. तो ऐकला असता तर भिक्षू आपल्या चौथऱ्यावर उभा राहिला असता का, हे नाटक संपते तेव्हा संवाहकालाही माहीत नसावे.